पाण्याखालचं घर

बग साधाच होता. नकाशाच्या वरच्या टोकाला धरण, त्याखाली नदी, नदीच्या दोन्ही अंगांना वस्ती. रणगाड्याने भिंतीवर दोनदा मारा केला की धरण फुटतं, पाणी खाली धावतं आणि काठची घरं निळी पडतात. इथवर सगळं ठीक. पण पुढची पाळी सुरू झाली, पैसे जमा व्हायची वेळ आली, तेव्हा त्या निळ्या घरांमधूनही एकेक सोनेरी नाणं उडालं आणि कोपऱ्यातल्या शिलकीत टपकन पडलं. तिने पाळी संपवली. परत नाणं. गाव बुडालं होतं आणि महसूल भरत होतं.

हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत बसून तिने रीतसर नोंद केली. पायरी एक: धरण फोडा. पायरी दोन: पाळी संपवा. पायरी तीन: शिल्लक बघा. काय व्हायला हवं: बुडालेल्या घराचं उत्पन्न बंद. काय होतंय: चालूच. सोबत व्हिडिओ. तीव्रतेच्या रकान्यात तिने ‘मध्यम’ निवडलं. तिसऱ्या दिवशी परदेशातल्या टीमकडून दोन शब्दांचं उत्तर आलं: ‘अ‍ॅज डिझाइन्ड’. म्हणजे चूक नाही, ठरवूनच तसं केलंय. बग बंद.

ती हसली. शेजारच्याला दाखवून पुन्हा हसली. जेवताना घास घशाखाली उतरेना वगैरे काही झालं नाही; डब्यात मेथीची भाजी होती आणि ती तिने चाटूनपुसून खाल्ली. पण संध्याकाळी घोटावडे फाट्याच्या कोंडीत गाडी अडकली तेव्हा ते नाणं डोक्यात टपटपायला लागलं. तिच्या पणजोबांचं गाव मुळशीच्या पाण्याखाली आहे.

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे रोज कार्ड दाखवून आत जाणाऱ्या बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यातल्या शनिवारी ताम्हिणी घाटात जाताना लागणारं तळं, आणि तळ्याकाठचं पिठलं-भाकरी. ती मात्र पौडजवळची. माण, घोटावडे, पिरंगुट ही तिच्या येण्याजाण्याची नावं. सात वर्षं ती गेम टेस्टर आहे. सध्याच्या खेळाचं नाव गोपनीयतेच्या करारामुळे तिला घरीसुद्धा सांगता येत नाही. सांगितलं असतं तरी घरच्यांना फरक पडला नसता. स्थळ घेऊन आलेल्या मंडळींना मावशीने एकदा कौतुकाने सांगितलं होतं, “आमची पोरगी दिवसभर गेम खेळते आणि वर पगार घेते.” स्थळ परत आलं नाही.

खेळणं आणि टेस्टिंग यांचा संबंध जेवणं आणि तांदूळ निवडणं यांच्याइतकाच. दिवसभर एका सैनिकाला भिंतीला घासत चालवायचं, कुठे तो भिंतीतून आरपार जातो ते शोधायचं. खेळ साठवला जात असतानाच फोन बंद करायचा. जर्मन भाषेत बटणावरचा शब्द बटणाबाहेर लोंबतोय का ते बघायचं. पुण्यात असं काम करणारी माणसं बरीच आहेत. इथे युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, नॉडिंग हेड्सने इथूनच २०२० मध्ये ‘राजी’ काढला, सुपरगेमिंगचा ‘इंडस’ इथलाच. पण ‘गेम पुण्यात बनला’ ही बातमी होते तेव्हा फोटोत टेस्टर नसतो. असो.

तिला मनापासून आवडतात ते आळीपाळीने खेळायचे युद्धाचे खेळ. तुमची पाळी, मग शत्रूची, मग परत तुमची, बुद्धिबळासारखं. टेस्टरच्या दृष्टीने त्यात एक मोठं सुख असतं. धावपळीच्या खेळातला बग मांजरासारखा, दिसला की पळाला. आळीपाळीच्या खेळातला बग जागच्या जागी बसून राहतो. त्याच खेळ्या त्याच क्रमाने केल्या की तो पुन्हा हजर. नशिबाचा भाग असतो, पण ते नशीबही एका आकड्यातून उगवतं. त्या आकड्याला ‘सीड’ म्हणतात, म्हणजे बी. बी तेच पेरलं तर पीकही तेच. खेळाडू नेम चुकला की खेळ मागे नेऊन पुन्हा गोळी झाडतात, लागेपर्यंत. त्यावर इलाज म्हणून काही खेळ बीसुद्धा साठवून ठेवतात. मागे जा, पुन्हा झाडा, गोळी त्याच जागी चुकणार. तिला हे फार न्याय्य वाटतं.

या जातीच्या खेळांत तिचं जुनं प्रेम म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’. जपानच्या इंटेलिजंट सिस्टिम्सने निन्टेंडोसाठी केलेली मालिका. मूळ ‘फॅमिकॉम वॉर्स’ १९८८ चा. ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’ अमेरिकेत दुकानांत आला त्याची तारीख बघण्यासारखी आहे: १० सप्टेंबर २००१. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमधले मनोरे कोसळले. युरोपातलं प्रकाशन पुढे गेलं आणि जपानी खेळाडूंच्या हाती तो २००४ मध्ये पडला. वीस वर्षांनी त्याची नवी आवृत्ती तयार झाली, तर २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि ती परत वर्षभर लांबली. कार्टूनसारखे गुबगुबीत रणगाडे, पण खऱ्या युद्धाने दोनदा वाट अडवलेला असा खेळ दुसरा क्वचितच असेल.

त्याच मालिकेतला २००८ चा ‘डेज ऑफ रुइन’ मात्र गुबगुबीत नाही. सुरुवातच जगबुडीपासून. आकाशातून उल्का कोसळतात, दहातली नऊ माणसं मरतात, धुळीने सूर्य झाकतो. ढिगाऱ्यातून एक सैनिकी विद्यार्थी बाहेर पडतो आणि अन्नाच्या डब्यांवरून माणसं एकमेकांना गोळ्या घालताना बघतो. पुढे एक रोग येतो, त्यात माणसाच्या अंगातून फुलं उगवतात. हे सगळं एका हातात मावणाऱ्या दुहेरी पडद्याच्या यंत्रावर, नकाशावरच्या बोटाएवढ्या सैनिकांतून.

बग बंद झाल्यावर ती वाद घालायला आपल्या टीम लीडकडे गेली तेव्हा त्याने नेमकं याच खेळाचं उदाहरण दिलं.

“अगं, ‘डेज ऑफ रुइन’मध्ये काय आहे? दहातली नऊ माणसं मेलीत, ऊन नाही, पीक नाही. तरी शहर ताब्यात घेतलंस की रोज हजार मिळतात की नाही? कोण भरतं ते हजार?”

तिच्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं ती ते हजार घेत आली होती. शहर ताब्यात घ्यायचं म्हणजे पायदळ त्यावर नेऊन उभं करायचं. शहराचे वीस गुण, धडधाकट तुकडी एका पाळीत दहा कमी करते, म्हणजे दोन पाळ्यांत शहर तुमचं. घरात कोण राहतं हा प्रश्न नकाशाला पडत नाही. आपल्या बुद्धिबळातही पटावरच्या चौकोनाला घरच म्हणतात, आणि त्या घरातही कोणी राहत नाही.

लीड वाईट माणूस नव्हे. त्यानेच तिला ‘इन्टू द ब्रीच’ खेळायला लावला होता. २०१८ चा, सबसेट गेम्स नावाच्या चिमुकल्या कंपनीचा. समुद्र चढलाय, जमीन म्हणून उरलीत ती मोजकी बेटं, आणि प्रत्येक बेटावर एकेका कंपनीचं राज्य. जमिनीतून राक्षसी किडे येतात. आठ बाय आठचा पट, तुमची तीन यंत्रं, आणि शत्रू पुढच्या पाळीत कुठे मारणार ते तुम्हाला आधीच दिसतं. त्यामुळे नशिबाला दोष द्यायची सोय जवळजवळ नाहीच. यात शत्रू मारणं दुय्यम. इमारती वाचवायच्या, कारण त्या इमारतींतून तुमच्या यंत्रांना वीज मिळते. विजेचा काटा शून्यावर आला की सगळं संपलं. एका कामगिरीत तर धरण फोडायचं असतं. पाणी नकाशावर पसरतं आणि वाटेतले किडे बुडतात. धरण, वीज, कंपनी. हे तिघं एका पटावर पहिल्यांदा बघितले तेव्हा तिला ओळखीचं काहीतरी जाणवलं होतं, पण ऑफिसातून त्या दिवशी खेळाची नवी आवृत्ती जायची होती, त्यामुळे विचार तिथेच राहिला.

तो विचार आता परत आला होता, आणि त्याच्यासोबत आप्पाही.

आप्पा म्हणजे तिच्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय ऐंशीच्या पुढे. धरण झालं तेव्हा त्यांचाही जन्म नव्हता, पण त्यांच्या वडिलांनी जे पाहिलं ते ते स्वतः पाहिल्यासारखं सांगतात. आणि सांगताना तारखा चुकवत नाहीत. शनिवारी ती त्यांच्याकडे गेली. गेममधला बग समजावून सांगायला तिला वेळ लागेल असं वाटलं होतं. आप्पांना तो एका वाक्यात कळला.

मुळशीची जगबुडी उल्केने आली नाही. ती मोजणीच्या खुंट्यांनी आली. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. सह्याद्रीत पडणारा पाऊस अडवायचा आणि कोकणाच्या कड्यावरून खाली सोडून त्यावर जनित्रं फिरवायची, अशी टाटांची योजना. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. तिसरं भिऱ्याचं, त्यासाठी मुळा नदीवर मुळशीला धरण. खोऱ्यातली पन्नासच्या वर गावं त्याच्या पोटात किंवा काठावर येणार होती. मुळेचं पाणी स्वभावाने पूर्वेला, पुण्याकडे जाणारं. ते अडवून पश्चिमेला वळवलं. कोलाडला कुंडलिकेत तराफ्यांत बसून आरडाओरडा करणारे पर्यटक ज्या पाण्यावर उसळतात, ते भिऱ्याच्या जनित्रांतून आलेलं मुळशीचं पाणी असतं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजारावर सत्याग्रही धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट ही पुढारी मंडळी. बापटांची गंमत अशी की हा माणूस तरुणपणी शिष्यवृत्तीवर विलायतेला गेला होता आणि तिथून बॉम्ब बनवायची कृती घेऊन परतला होता. मुळशीत मात्र त्याने बसायला शिकवलं. ‘सेनापती’ ही पदवी त्याला इथेच मिळाली, फौजेविना. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे.

लढा तीन वर्षं चालला आणि हरला. कायद्याने जमीन घेऊन मोबदला द्यायचा, असं ठरल्यावर खोऱ्यातच दोन तट पडले. पुण्यात राहणाऱ्या ज्या सावकार-जमीनदारांची इथे जमीन होती त्यांना मोबदला चालत होता; ती कसणाऱ्या कुळांना नको होता. शेवटी बापटांनी अहिंसेची चौकट मोडून धरणाच्या कामावर तोडफोड केली, आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. १९२७ ला भिऱ्याची वीज सुरू झाली.

“अजून चालूच आहे,” आप्पा म्हणाले. “तुझं ते नाणं.”

तिला हसू आवरेना.

याचा खेळ करायचं तिच्या डोक्यात तिथेच आलं. ऑफिसच्या कामाशी त्याचा संबंध नव्हता, पैसे मिळणार नव्हते, मोबाइलवर येणारही नव्हता. नुसता कागदावर. गेमच्या धंद्यात पहिला आराखडा बहुतेकदा कागदावरच करतात: चौकोनांची जाळी, पुठ्ठ्याचे तुकडे, पेन्सिलीने लिहिलेले नियम. कोड लिहायच्या आधी खेळात जीव आहे का ते कळतं. ऑफिसातल्या दोघांना तिने पुढच्या रविवारी घरी बोलावलं. एक आर्टिस्ट, नकाशाचा नाद असलेली. दुसरा प्रोग्रॅमर, आकडेमोडीत पक्का. बाहेर पाऊस धो धो. अंगणात पाणी, पडवीत कोंबड्या, आणि जमिनीवर पसरलेला कॅलेंडरच्या मागच्या बाजूचा कागद.

पहिल्या तासातच गाडी अडली. कंपनीच्या बाजूची माणसं ठरवायला सोपी होती: मोजणीदार, मजूर, मुकादम, पोलीस. प्रत्येकाला चाल, प्रत्येकाला ताकद. सत्याग्रह्याची ताकद किती लिहायची?

“शून्य,” ती म्हणाली.

“शून्य चालणार नाही,” प्रोग्रॅमर म्हणाला. “ज्या तुकडीचा मारा शून्य आहे ती खेळाडू बनवणारच नाही. तिचं काम काय?”

“बसणं.”

“बसणं ही खेळी नाही.”

तो बरोबर बोलत होता. या जातीच्या खेळांत न हलणं म्हणजे पाळी वाया घालवणं. तिने एक एक करून उपाय सुचवले. सत्याग्रह्याला ‘मनोबल’ द्यावं, शत्रूच्या तुकडीचं मन वळवायची शक्ती द्यावी. आर्टिस्ट म्हणाली, हे म्हणजे जादूगार झाले. आणि खरंच, तसं केलं की तो खादीचे कपडे घातलेला जादूगार दिसायला लागला. दुपारपर्यंत कागदावर इतकी खाडाखोड झाली की नदी कुठली आणि रेघ कुठली ते कळेना.

आप्पा खाटेवरून बघत होते. त्यांनी काही न बोलता कोळशाने पडवीच्या फरशीवर एक चौकोन काढला. आत उभ्या-आडव्या रेघा, मग तिरप्या. पंचवीस ठिकाणं जुळली. चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. मग टोपलीतून मक्याचे वीस दाणे मोजून घेतले.

वाघ-बकरी. गडांवरच्या कातळात, देवळांच्या ओट्यांवर असे पट कोरलेले सापडतात. गावागणिक वाघ-बकऱ्यांचे आकडे आणि रेघा थोड्या बदलतात. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो. बकरीला मारता येत नाही. तिचा मारा शून्य. ती फक्त शेजारच्या ठिकाणी सरकते आणि बसते. पण बकऱ्या नीट बसल्या, एकीच्या मागे दुसरी, मधे रिकामी जागा न सोडता, की वाघाला उडीच मारता येत नाही. चारही वाघ जागच्या जागी अडकले की बकऱ्या जिंकल्या.

प्रोग्रॅमर पाच मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, “हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं कुठे,” आप्पा म्हणाले.

सत्याग्रह्याचा मारा शून्यच राहिला. नियम एवढाच झाला की ज्या घरात तो बसलाय तिथे काम होत नाही, आणि त्याच्या पाठीशी दुसरा बसला असेल तर त्याला उचलता येत नाही. त्या एका ओळीने पट जिवंत झाला. तिघांनी ओळीने चार डाव खेळले आणि चारही वेळा बकऱ्या जिंकल्या. मुळशी वाचली. चहा झाला.

आणि मग टेस्टरची खोड जागी झाली. काय व्हायला हवं: धरण. काय होतंय: धरण होतच नाही. खरं जे घडलं ते ज्या नियमांनी घडूच शकत नाही ते नियम चुकीचे आहेत, असं ती म्हणाली. आर्टिस्टचं म्हणणं उलट. खेळ कशासाठी असतो मग? हरलेला डाव पुन्हा मांडण्यासाठीच ना? ‘इन्टू द ब्रीच’मध्ये सगळं संपलं तरी एक वैमानिक काळात मागे जातो आणि नव्याने सुरुवात करतो, तसं मुळशीलाही का करू देऊ नये? दोघींचं चांगलंच वाजलं. माझ्या मते दोघी बरोबर होत्या, आणि अशा वादात कागद फाटत नाही तोवर तो चालू द्यावा.

शेवटी वाघाच्या बाजूला एक पत्ता आला: ‘कायदा’. डावात एकदाच टाकता येतो. टाकला की कुठलीही बकरी, पाठीशी कितीही जणी असोत, उडी न मारता पटावरून उचलता येते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादन करून द्यायची तरतूद होती, तिच्यावरून सुचलेला. शिवाय काही दाण्यांना त्यांनी शाईचा ठिपका दिला. कायदा पडला की ठिपकेवाले दाणे मोबदला घेऊन स्वतःहून उठतात. कुठल्या दाण्याखाली ठिपका आहे ते बकऱ्यांच्या खेळाडूला आधी दिसत नाही.

“हे अनफेअर आहे,” प्रोग्रॅमर पहिला डाव हरल्यावर म्हणाला.

“बॅलन्सिंग नंतर करू,” ती म्हणाली. ऑफिसात हे वाक्य रोज कोणीतरी म्हणतं.

कायद्यानंतरही बकऱ्या कधीकधी जिंकतात, असं त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं. क्वचित. पत्ता पडायच्या आत तीन वाघ कोंडले असतील तरच. म्हणजे सगळं पहिल्या काही पाळ्यांत, कोण कुठे किती घट्ट बसलं यावर ठरतं. ते बघायला ती आणि आप्पा सहा वाजता शेवटचा डाव मांडून बसले. ऑफिसवाले निघण्याच्या घाईत होते, चांदणी चौकात गर्दी होण्याआधी त्यांना पोचायचं होतं, पण उभ्या उभ्या बघत राहिले. आप्पा बकऱ्या. ती वाघ. आप्पा पटापट खेळतात, विचार करताना ओठ हलतात.

अकराव्या की बाराव्या पाळीला तिचे दोन वाघ अडकले, तिसऱ्याला एकच वाट उरली. तिने पत्ता हातात घेतला आणि आप्पांनी तिचा हात धरला.

“थांब. एकोणीस आहेत.”

मोजलं. खरंच एकोणीस. तिने अजून एकही खाल्ली नव्हती. पट हलवला, चटई उचलली, खाटेखाली बॅटरी मारली. मग आर्टिस्टने पडवीच्या उंबऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे तांबडी कोंबडी मान वर करून काहीतरी गिळत होती.

आप्पांनी कोंबडीला शिवी दिली, टोपलीत हात घातला आणि नवा दाणा रिकाम्या जागी ठेवला. “हं,” ते म्हणाले. “टाक तुझा कायदा.”